सहा, बारा, अठरा

मागचा लेख बाडमेरच्या उन्हावर होता. त्यावर दोन-तीन जुन्या सोबत्यांनी विचारलं की थंडीवर कधी लिहिणार. म्हणून हा थंडीवरचा लेख. पण यात गाण्यांबद्दलच जास्त आहे, तेही इंग्रजी गाण्यांबद्दल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढच्या लेखाची वाट पाहावी.

१९९६ सालचा हिवाळा. जागा उत्तर सिक्कीम, १५,००० फुटांच्या वर. चौकीचं नाव लिहीत नाही, तिथं आजही पोरं बसलेली आहेत. आमची सिग्नल्सची रेडिओ रिलेची छोटी तुकडी, आमच्या भाषेत डेट. एक हट, एक बुखारी, एक जनरेटर, बाहेर मास्टवर अँटेना आणि आत सहा माणसं. खालच्या हेडक्वार्टरशी आणि पुढच्या चौक्यांशी बोलणं आमच्यावरून जायचं. आम्ही बंद पडलो तर पुढची माणसं मुकी. जबलपूरला भरती झालो तेव्हा कोअरचं ब्रीद पाठ केलं होतं, 'तीव्र चौकस'. त्याचा अर्थ मला तिथं कळला, आणि थोडा उशिरा कळला.

आमच्यात एक मिझो लान्स नाईक होता. त्याने त्या चौकीवर आधीचा एक हिवाळाही काढलेला. बोलणं कमी, गळा सुरेल. मिझोरामात चर्चच्या गायनात सा-रे-ग-मसारखी अक्षरं लिहिलेली स्वरलिपी चालते, तिच्यावर पोरं लहानपणापासून चार-चार आवाजांत गातात. त्यामुळे त्याचा कान आमच्यासारखा नव्हता. त्याच्याकडे दहा-बारा कॅसेट होत्या. त्यातली एक त्याच्या भावाने दिल्लीच्या पालिका बाजारातून पाठवलेली. तिच्या कव्हरवर डोक्याला फडकं बांधलेली एक बाई, हातात विळा, चहूबाजूंनी पिवळं पीक आणि वर भरून आलेलं काळं आभाळ.

मी माण तालुक्यातला. ते चित्र पाहिलं आणि आई आठवली. सुगीत पाऊस आला की आभाळाकडे न बघता ती अशीच भराभर विळा चालवायची. मी विचारलं, "ये किधर का है? रशिया?" तो म्हणाला, "इंग्लंड का बँड है, उस्ताद." मला ते पेंटिंग वाटलं होतं. तो फोटो आहे, ब्रायन ग्रिफिन नावाच्या फोटोग्राफरने इंग्लंडातल्याच एका शेतात काढलेला, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. थोडक्यात सांगायचं तर ती कॅसेट मी गाण्यासाठी नाही, कव्हरसाठी हातात घेतली.

बँडचं नाव डिपेश मोड, अल्बमचं नाव 'अ ब्रोकन फ्रेम', साल १९८२. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पंकचा धुरळा बसल्यावर विलायतेत न्यू वेव्ह नावाची जी लाट आली, तिच्यातली ही पोरं. गिटार-ड्रम जवळपास बाजूला ठेवून सिंथेसायझर आणि तालाचं यंत्र घेऊन उभी राहिलेली. लंडनच्या पूर्वेला बॅसिल्डन म्हणून महायुद्धानंतर वसवलेलं गाव आहे, तिथली. १९८१ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, 'स्पीक अँड स्पेल'. त्यातली दोन सोडली तर सगळी गाणी व्हिन्स क्लार्कने लिहिलेली. नाचायला लावणारी, चटकन तोंडात बसणारी. अल्बम आला, गाजला आणि त्याच वर्षाच्या शेवटी क्लार्क बँड सोडून गेला. गाणी लिहिणाराच गेला! मागे राहिले तिघे: गाणारा डेव्ह गहान, अँडी फ्लेचर आणि कोपऱ्यात उभा राहून कीबोर्ड वाजवणारा, फारसा न बोलणारा मार्टिन गोर. पहिल्या अल्बममधली ती उरलेली दोन गाणी त्याची होती, त्यातलं एक तर बिनशब्दांचं. आता पुढचा अख्खा अल्बम त्याच्या गळ्यात पडला. वय वीस-एकवीस.

हे मला इतक्या बारकाईने का सांगावंसं वाटतं, तर तेव्हा माझंही तेच झालं होतं.

आमचे आधीचे डेट कमांडर हरियाणाचे हवालदार. आम्ही त्यांना बडे उस्ताद म्हणायचो. साडेसहा फूट नसतील, पण आठवणीत तेवढेच आहेत. आवाज असा की अँटेना नसती तरी खालपर्यंत पोचला असता. शिव्या द्यायचे, त्या खाऊन पोरं हसायची. मास्टवर स्वतः चढायचे, वरून गाणी म्हणायचे, ग्लव्ह काढून मिनिटभरात कनेक्टर घट्ट करून खाली यायचे आणि हात बुखारीसमोर धरून म्हणायचे, "कुछ नहीं होता, सालो." नोव्हेंबरात त्यांची बदली झाली. रस्ता बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या गाडीने ते गेले. मी नवा नवा हवालदार, कोपऱ्यात बसून लॉगबुक लिहिणारा. डेट माझ्याकडे आली.

मी काय केलं? मी बडे उस्ताद व्हायला गेलो. त्यांच्या शिव्या, त्यांचे विनोद, पहाटे दार लाथेने उघडायची त्यांची सवय, सगळं उचललं. पोरं हसायची, पण क्षणभर उशिरा. ज्यांनी उसना विनोद सांगितला आहे त्यांना तो क्षण माहीत असेल.

त्या दिवसांत संध्याकाळी ती कॅसेट लागायची. टू-इन-वन सेलवर चालायचा आणि त्या थंडीत सेल लवकर मान टाकायचे. त्यामुळे गाणी संथ, जड आवाजात यायची. सेल वाचवायला कॅसेट बॉलपेन घालून हाताने गुंडाळायची. पहिले पंधरा दिवस माझी अशी समजूत होती की हा बँड फार दुःखी आहे. मग रसदीत नवे सेल आले आणि 'द मीनिंग ऑफ लव्ह' एकदम उड्या मारायला लागलं. मला ते आधीचंच आवडायचं.

या अल्बमवर आमच्या हटमध्ये जेवढी भांडणं झाली तेवढी पत्त्यांवरही झाली नाहीत. मिझो लान्स नाईकने एक खेळ काढला होता. प्रत्येक गाणं लागलं की सांगायचं, हे कुणाचं? गेलेल्याचं की राहिलेल्याचं? म्हणजे लिहिलीत सगळी गोरनेच, पण कुठल्या गाण्यात क्लार्क अजून बसलेला आहे आणि कुठल्यात गोर स्वतः आहे, ते ओळखायचं. त्याचा हिशोब पक्का होता. पहिलं गाणं 'लीव्ह इन सायलेन्स', आत ओढत नेणारं, अंधारं, ते राहिलेल्याचं. 'द मीनिंग ऑफ लव्ह' गेलेल्याचं. 'अ फोटोग्राफ ऑफ यू' त्याहून गेलेल्याचं. 'सॅटेलाइट'मध्ये रेगे ताल घेऊन बघितलाय, ते कुणाचंच नाही. शेवटचं 'द सन अँड द रेनफॉल' पूर्ण राहिलेल्याचं, आणि त्याच्या मते त्या एका गाण्यासाठी कॅसेटचे पैसे वसूल. त्यात शेवटाकडे आवाजांवर आवाज चढतात, तिथे तो डोळे मिटून आपला पाचवा आवाज मिसळायचा.

आमच्यात एक तमिळ सिग्नलमॅन होता, सगळ्यांत लहान. त्याला इंग्रजी शब्दांशी देणंघेणं नव्हतं. "हमारा इलयराजा ये सब कर चुका," हे त्याचं ठरलेलं मत. १९८६ च्या 'पुन्नगै मन्नन'मध्ये इलयराजांनी सिंथेसायझर आणि संगणकाचा वापर केला होता, हे तो आम्हाला दर दोन दिवसांनी ऐकवायचा. मिझो त्याला शांतपणे सांगायचा की हा १९८२ चा आहे. मग दोघांत एक तास. पण पहिल्या बाजूला 'नथिंग टु फिअर' म्हणून एक बिनशब्दांची धून आहे, ती लागली की हा तमिळ पोरगा गप्प व्हायचा. "ये ठीक है. इसमें कोई बोलता नहीं."

तिसरं मत वरून यायचं, म्हणजे खालून. आमचे कॅप्टन साहेब गोव्याचे. महिन्यातून एकदा वर यायचे, माझ्याशी मराठीत बोलायचे. त्यांचा थोरला भाऊ तारवटी, बोटीवर कामाला. तो परदेशातून रेकॉर्डी आणि तिकडची संगीताची मासिकं आणायचा. साहेबांना आकडे पाठ. "अरे, क्लार्क गेला तेव्हाच संपलं ते," ते म्हणाले. "या अल्बमची तीन गाणी सुटी निघाली. 'सी यू' सहाव्या नंबरला गेलं, 'मीनिंग ऑफ लव्ह' बाराव्या, 'लीव्ह इन सायलेन्स' अठराव्या. सहाचा पाढा! आणि क्लार्क बघ, नवी जोडीदारीण घेऊन याझू काढला, पहिलंच गाणं 'ओन्ली यू' दुसऱ्या नंबरला."

मी म्हटलं, "सर, पण अठरावं गाणंच चांगलं आहे."

"चांगलं असून काय करणार? लोक नाचले पाहिजेत ना."

साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. पहिल्या अल्बमवर प्रेम बसलेल्यांना दुसरा म्हणजे उतार वाटतो आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. फक्त त्या पाढ्यात एक खोच होती, ती मला तेव्हा दिसली नाही. 'सी यू'चा सहावा नंबर क्लार्कच्या गाजलेल्या 'जस्ट कान्ट गेट इनफ'च्या वरचा. ते आठव्यावर थांबलं होतं.

साहेबांनीच आणखी एक गोष्ट सांगितली. क्लार्क गेल्यावर त्या तिघांनी जाहिरात देऊन ॲलन वाइल्डर नावाचा एक माणूस घेतला. वाजवण्यात तयार. स्टेजवर त्यांच्याबरोबर वाजवायचा, पण हा अल्बम रेकॉर्ड करताना त्याला बाहेर ठेवलं. आम्ही आमच्या जोरावर करू शकतो, हे त्यांना दाखवायचं होतं. साहेब हसले, "भरती केलं आणि कामाला लावलं नाही. मूर्खपणा." मी मान डोलावली. मला आतून मात्र ते तिघे बरोबर वाटले. दुसऱ्याला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करायचं, नाही का?

एका संध्याकाळी मी काहीतरी ओरडत, शिव्या घालत हटमध्ये शिरलो. मिझो लान्स नाईक कॅसेट गुंडाळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "उस्ताद, आप वो 'मीनिंग ऑफ लव्ह' वाला काम कर रहे हो." सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं गंमत करतोय.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री वारा सुटला. पहाटे चारच्या सुमारास लिंक गेली. अँटेनावर बर्फ बसलेला आणि केबलचा कनेक्टर ढिला. पुढच्या चौक्या गप्प. मी ओरडत उठलो, तमिळ पोराला उठवलं. मास्टवर चढायला तोच चपळ. कनेक्टर जाड ग्लव्हमध्ये पकडता येईना. मी खालून ओरडलो, "ग्लव्ह निकाल के कर, दो मिनट का काम है. कुछ नहीं होता!"

शब्द माझे नव्हते हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण हुकूम माझा होता.

दोन मिनिटं नाही, सात-आठ मिनिटं लागली. लिंक आली. पोरगा खाली उतरला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी. मिझोने त्याला आत घेतलं, मला बाजूला सारलं. चोळू दिलं नाही, कोमट पाण्यात हात धरला. एक शब्द बोलला नाही. दोन दिवसांनी हवामान उघडलं आणि हेलिकॉप्टरने पोराला खाली नेलं. एक बोट वाचलं, दुसऱ्याचं टोक गेलं.

नंतर मी मिझोला विचारलं, मागच्या हिवाळ्यात असं झालं तेव्हा काय केलं होतं? तो म्हणाला, बडे उस्ताद असले तरी वाऱ्यात वर कुणी चढत नसे. खाली एक जादा केबल आधीच जोडून ठेवलेली असायची, ती लावून सकाळपर्यंत भागवायचं. ग्लव्ह काढून चढायचे ते वारा पडल्यावर, उन्हात, पोरांना हसवायला. ती केबल हटच्या मागे गुंडाळून पडलेली होती. मी कधी विचारलंच नव्हतं.

साहेब वर आले. विचारलं, ग्लव्ह काढायला कुणी सांगितलं? मी सांगितलं, मी. त्यांनी लिहून घेतलं. त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जाताना ते म्हणाले, "तू असा ओरडणारा माणूस नव्हतास रे." बस, एवढंच.

त्यानंतर मी गप्प झालो. गप्प म्हणजे रुसून नाही, मुळात जसा होतो तसा. एक वही केली. वाऱ्याचा वेग, तापमान, कोण किती वेळ बाहेर, जादा केबल कुठे, सगळं. रोज संध्याकाळी वही घेऊन मिझोच्या शेजारी बसायचं आणि विचारायचं. पोरांना सुरुवातीला ते जड गेलं. एकाने तोंडावर सांगितलं की बडे उस्तादांच्या वेळी मजा होती. होती खरी. मार्चपर्यंत लिंक चार वेळा गेली, चारही वेळा सगळ्यांचे सगळे हात शाबूत राहिले. मजेबद्दल मला बोलता येणार नाही.

कॅसेट चालूच होती. खेळात आता एक भिडू कमी होता. 'नथिंग टु फिअर' लागलं की मिझो ती पुढे पळवायचा. आवाज न करता, पेनाने.

निवृत्त झाल्यावर फावल्या वेळात या बँडबद्दल मिळेल ते वाचलं. वाइल्डरला पुढच्या, १९८३ च्या 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन'मध्ये आत घेतलं आणि तिथून बँडचा आवाज बदलला. १९८८ मध्ये अमेरिकेत पॅसाडेनाच्या रोझ बोल मैदानात त्यांचा मोठा कार्यक्रम झाला. स्वतः गोर सुरुवातीच्या या गाण्यांबद्दल नंतर फार प्रेमाने बोलला नाही. ऐकणाऱ्यांत मात्र अजून तेच तट आहेत जे आमच्या हटमध्ये होते. कुणाला हा अल्बम म्हणजे पोरकट आणि गंभीर यांची खिचडी वाटते, कुणी 'द सन अँड द रेनफॉल'साठी जीव टाकतो.

एक गोष्ट वाचून मात्र मी चाट पडलो. 'सी यू' गोरने शाळकरी वयात लिहिलेलं, क्लार्क जायच्या कितीतरी आधी. आमच्या खेळात मिझोने ते गाणं ठामपणे 'गेलेल्याचं' म्हणून टाकलं होतं, कारण ते गोड होतं. म्हणजे तो गोडवा उसना नव्हता, त्याचाच होता, जुना. हे वाचल्यावर मला आमच्या गावचं भजन आठवलं. मी तिथं ढोलकी बडवायचो आणि इतका आरडाओरडा करायचो की बुवा ओरडायचे. तो आवाजही माझाच होता की. त्या हिवाळ्यानंतर मी तो पुन्हा काढला नाही. घरीसुद्धा नाही. बायको अजून म्हणते, लग्नात बघितलेला माणूस वेगळा होता.

मुलगा पुण्यात आयटीत आहे. त्याला एकदा सांगितलं, हा अल्बम लाव. तो म्हणाला, "बाबा, 'व्हायोलेटर' ऐका ना, हा कोण ऐकतं?" तरी लावला. योग्य वेगात, स्वच्छ आवाजात. मला सगळी गाणी घाईत वाटली. मी त्याला म्हटलं, जरा हळू करता येतं का? त्याने माझ्याकडे बघितलं आणि खरंच कुठलंतरी बटण दाबून हळू केलं. आवाज तसा जड झाला नाही. नुसतंच हळू झालं.

ती कॅसेट माझ्याकडे आहे. मिझो लान्स नाईकने त्याची बदली झाली तेव्हा दिली. फीत कधीच चिकटून गेली आहे, पण कव्हर चांगलं आहे. आईला एकदा दाखवलं होतं. तिने निरखून बघितलं आणि म्हणाली, "विळा उलटा धरलाय का गं बाईनं?" मी पुन्हा पाहिलं. मला अजून ठरवता आलेलं नाही.

तमिळ पोरगा आता पोरगा नाही. मदुराईजवळ एका बँकेत गार्ड आहे. पोंगलला मी फोन करतो, दिवाळीला तो करतो. बोटाचा विषय आमच्यात एकदाच निघाला, मी काढला, आणि तो म्हणाला, "उस्ताद, लिंक तो आ गया था ना." त्यावर मला काही बोलता आलं नाही. या वर्षी पोंगलला त्याने विचारलं, ती बिनशब्दांची धून अजून आहे का तुमच्याकडे? मी म्हटलं, कॅसेट खराब झाली, पण मुलाने फोनवर घालून दिली आहे. तो म्हणाला, लावा. मी दुसरा फोन शोधला, चष्मा शोधला, ती धून शोधली आणि स्पीकर या फोनजवळ धरला. सव्वाचार मिनिटांची असेल. पलीकडून मधेच एक स्कूटर गेल्याचा आवाज आला. संपल्यावर तो म्हणाला, "स्पीड ज्यादा है."